जमिनीतून वाफ येते, सोबत दगडही येतो

बेळगाव, चिकोडी, निपाणी पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी साखर कारखान्यात कामाला आहे, त्यांना 'स्केल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रस आटवायच्या उंच भांड्यांच्या नळ्यांत हंगाम पुढे सरकेल तसा टणक थर बसत जातो. वाफ तेवढीच लागते, रस मात्र आटत नाही. मग काम थांबवायचं, कॉस्टिक सोडा घालून उकळायचं, तेवढ्यानं भागलं नाही तर नळीनळीत ब्रश फिरवायचा. ही वेळ लांबावी म्हणून रसात थोडं अँटीस्केलंट सोडलं जातं. घरी हाच प्रकार गिझरच्या कॉइलवर दिसतो. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर बघता बघता पांढरी साल चढते.

आता हाच थर जमिनीखाली हजार मीटर खोल विहिरीत बसला तर? तिथे ब्रश घेऊन कोण उतरणार?

भूऔष्णिक विजेच्या धंद्यातला हा रोजचा प्रश्न आहे. भारतात तो अजून कुणाच्या तोंडी नाही, कारण इथे व्यापारी तत्त्वावर चालणारं एकही भूऔष्णिक वीजकेंद्र उभं राहिलेलं नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि तेव्हापासून लडाखचं पुगा खोरं, तेलंगणातलं मणुगुरू, कोकणातले गरम पाण्याचे झरे अशी नावं पुन्हा बातम्यांत येऊ लागली. ऊन नको, वारा नको, कोळसा नको, चोवीस तास वीज. ऐकायला छान वाटतं, आणि बरंचसं खरंही आहे. फक्त जमिनीतून येणारं पाणी हे नुसतं पाणी नसतं, एवढी गोष्ट या चर्चेत मागे पडते.

सोड्याची बाटली उघडल्यासारखं

खोल जमिनीत दोनशे-अडीचशे अंश तापमानाला पाणी दाबाखाली अडकलेलं असतं. इतक्या तापमानालाही ते उकळत नाही, कारण दाब त्याला उकळू देत नाही. वर्षानुवर्षं खडकात मुरताना त्यानं खडकातला चुना, वाळूतली सिलिका, कधी शिसं, अँटिमनी असं बरंच काही पोटात घेतलेलं असतं. सोबत कार्बन डायऑक्साइड वायूही विरघळलेला असतो.

विहीर खणली की हे पाणी वर चढायला लागतं. वर येताना दाब कमी होतो आणि एका ठरावीक खोलीवर पाणी एकदम उकळतं. या जागेला फ्लॅश पॉइंट म्हणतात. इथेच सगळी गडबड होते. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर जसा गॅस फसफसून बाहेर येतो, तसा कार्बन डायऑक्साइड पाणी सोडून वाफेत जातो. हा वायू पाण्यात होता तोवर पाणी किंचित आंबट होतं आणि चुना विरघळून होता. वायू गेला, आंबटपणा गेला, आता चुन्याला पाण्यात राहायला जागा नाही. तो कॅल्साइट होऊन, म्हणजे चुनखडी होऊन, विहिरीच्या पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटतो.

किती? एक साधा हिशोब करून पाहू. समजा विहीर तासाला २०० टन पाणी देते आणि प्रत्येक लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम चुना भिंतीला बसतो. चिमटीतही न येणारी मात्रा. तरी तासाला दोन किलो, दिवसाला ४८ किलो. हा थर विहीरभर पसरत नाही, उकळण्याच्या जागेच्या आसपास गोळा होतो. पाइप आतून २२ सेंटिमीटर रुंद आणि थर ५० मीटरच्या टप्प्यात बसतोय असं धरलं, तर साधारण साडेतीन महिन्यांत तो टप्पा पूर्ण बुजेल. प्रत्यक्षात विहीर त्याच्या बरीच आधी धापा टाकू लागते.

पामुक्कालेचा सख्खा भाऊ

हे कागदी गणित नाही, हे तुर्कस्ताननं भोगलंय. तिथल्या देनिझली प्रांतात पामुक्काले नावाची जागा आहे. पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, त्यात साचलेलं निळं पाणी. १९८८ पासून जागतिक वारसास्थळ. या पायऱ्या कुणी बांधलेल्या नाहीत. गरम झऱ्याचं पाणी उघड्यावर आलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि चुना थरावर थर बसत गेला. बस्स. पर्यटक फोटो काढतात तो दगड आणि विहिरीचा गळा आवळतो तो दगड एकच.

त्याच प्रांतात किझिलदेरे इथे १९६८ मध्ये विहीर खणताना खूप गरम पाणी लागलं आणि १९८४ मध्ये सुमारे २० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. देशातलं पहिलंच. इथल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड अतोनात. विहिरींत कॅल्साइट इतक्या वेगानं बसायचा की ठरावीक काळानं यंत्र आणून आतला थर अक्षरशः भोकसून काढावा लागे. एकेक विहीर अशी दुरुस्तीला गेली की वीज कमी. केंद्राला पाटीवरची क्षमता कधी नीट गाठता आली नाही. जो वायू विहिरीत दगड तयार करत होता तोच शेजारच्या कारखान्यात गोळा करून द्रवरूपात आणि कोरडा बर्फ म्हणून विकला जाऊ लागला, हा त्यातल्या त्यात फायदा.

आज तुर्कस्तानची भूऔष्णिक क्षमता १,६०० मेगावॅटच्या पुढे आहे आणि त्यातला मोठा भाग याच मेंडेरेस नदीच्या खोऱ्यात आहे. पाणी तेच, चुना तोच. मग बदललं काय? बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण त्यातली एक अशी की तिच्याशिवाय बाकीच्या निरुपयोगी ठरल्या असत्या. विहिरीत खोलवर एक बारीक नळी सोडून त्यातून रात्रंदिवस थोडं थोडं रसायन देणं सुरू झालं.

टनामागे काही ग्रॅम

ही रसायनं काही जगावेगळी नाहीत. फॉस्फोनेट, पॉलिअ‍ॅक्रिलेट, पॉलिमॅलिक आम्ल ही त्यांची कुळं. मोठ्या आरओ प्लांटमध्ये, बॉयलरच्या पाण्यात, कूलिंग टॉवरमध्ये याच घराण्यातली मंडळी वापरतात. फरक आहे तो तापमानाचा. आरओच्या पाण्यात ऐटीत टिकणारं फॉस्फोनेट दोनशे अंशांच्या वर तुटू लागतं, किंवा कॅल्शियम जास्त असेल तर त्याच्याशीच जुळून स्वतःचा वेगळा थर तयार करतं. म्हणून जास्त गरम विहिरींसाठी पॉलिमॅलिक जातीच्या, उष्णता सोसणाऱ्या रसायनांकडे कल असतो.

मात्रा ऐकून आश्चर्य वाटेल. बहुतेक ठिकाणी पाण्याच्या एका टनामागे एक ते दहा ग्रॅम. वर हिशोबात घेतलेल्या विहिरीला टनामागे ५ ग्रॅम धरलं तर दिवसाला २४ किलो. एवढ्याशा रसायनानं पाण्यातला सगळा चुना बांधून ठेवणं शक्यच नाही, आणि ते तसं करतही नाही.

मग करतं काय? गवंडी भिंत रचतो तेव्हा पुढची वीट बसते ती आधीच्या विटेच्या कोपऱ्याला लागून. स्फटिकही असाच वाढतो. त्याच्या पृष्ठभागावर काही मोजक्या पायऱ्या आणि कोपरे असतात, नवा कण तिथेच येऊन बसतो. रसायनाचे रेणू नेमके त्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. जागा अडली की स्फटिकाची वाढ मंदावते, वाढलाच तर वेडावाकडा, ठिसूळ, भिंतीला न चिकटणारा वाढतो. कोपरे थोडे असतात, म्हणून रसायनही थोडंच पुरतं.

पण पाण्यात चुना जास्त झालाय ही वस्तुस्थिती तशीच राहते. रसायन दगड विरघळवत नाही, पाणी मऊ करत नाही, फक्त थर बसायला उशीर करतं. तो उशीर मिनिटांचा असेल, तासांचा असेल. तेवढ्या वेळात पाणी विहिरीतून वर यावं, वाफ वेगळी व्हावी, उरलेलं पाणी पुन्हा जमिनीत जावं, अशी ही सगळी मांडणी. बाजारात 'स्केल संपवणारं' म्हणून जे काही विकलं जातं, त्यातल्या बहुतेकांचं काम प्रत्यक्षात एवढंच असतं: वेळ विकत घेणं.

आणि म्हणूनच ते कुठे सोडायचं याला रसायनाइतकंच महत्त्व आहे. उकळण्याच्या जागेच्या वर सोडलं तर वरात निघून गेल्यावर वाजंत्री आल्यासारखं. ते फ्लॅश पॉइंटच्या खाली, पाणी अजून शांत आहे तिथे मिसळायला हवं. म्हणजे चालू विहिरीत, वर उसळणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेनं, बोटापेक्षाही बारीक आणि गंज न चढणाऱ्या मिश्रधातूची नळी काही शे मीटर, कधी हजार मीटरच्याही खाली सोडायची. टोकाला वजन लावायचं, नाहीतर वाफ तिला वर फेकून देईल. वरच्या बाजूला एक छोटा डोसिंग पंप.

कोट्यवधींच्या विहिरीचं आयुष्य त्या छोट्या पंपावर टांगलेलं असतं. पंप बंद पडला की थर बसायला सुरुवात होते आणि बसलेला थर नंतर रसायन सोडून उतरत नाही. नळीत रसायन फार घट्ट असेल तर खालच्या उष्णतेनं त्यातलं पाणी उडून जातं आणि चिकट गोळा नळीतच अडकतो. फार आंबट असेल तर ते नळीलाच खातं. नळी तुटून विहिरीत पडली तर ती काढायचा खर्च वेगळाच. कागदावर 'पाच पीपीएम' लिहिणं सोपं आहे. ते पाच पीपीएम वर्षभर, एकही रात्र न चुकता, हजार मीटर खाली पोचवणं हे खरं काम.

याला पर्यायही आहे. पाणी फार गरम नसेल, साधारण १९० अंशांच्या आत, तर विहिरीत पंप बसवून दाब कायम ठेवायचा आणि पाणी उकळूच द्यायचं नाही. वायू सुटत नाही, चुना बसत नाही. मग त्या पाण्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला द्यायची आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. याला बायनरी पद्धत म्हणतात. जास्त उष्ण विहिरींत मात्र पंप तग धरत नाहीत.

दुसरा दगड, उलट्या स्वभावाचा

चुन्याचं जमलं म्हणून सुटकेचा श्वास सोडावा तर पुढे सिलिका उभी असते. वाळू आणि काच ज्याची, तोच पदार्थ. चुन्याचं भांडण वायू जाण्याशी, सिलिकाचं थंडीशी. पाणी थंड होत जाईल तशी ती बाहेर पडते.

अडीचशे अंशांच्या पाण्यात किलोमागे साधारण ५०० मिलिग्रॅम सिलिका असते. ते पाणी शंभर अंशांपर्यंत उतरवलं की जवळपास तीस टक्के पाण्याची वाफ होते. वाफ जाते, सिलिका मागे राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात ती किलोमागे ७०० मिलिग्रॅमच्या घरात. त्या तापमानाला पाणी सोसू शकतं जेमतेम ३७० च्या आसपास. उरलेली कुठेतरी बसणारच.

हे बसणं सुंदरही असू शकतं. आइसलँडच्या ब्लू लगूनचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. ते नैसर्गिक तळं नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या स्वार्टसेंगी केंद्राचं वापरलेलं पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकावर सोडलं जात होतं. ते मुरून जाईल अशी अपेक्षा होती. पण सिलिकानं खडकाची भोकं बुजवली आणि पाणी साचलं. लोक अंगाला लावतात तो पांढरा चिखल म्हणजे हीच सिलिका. आता खडकाच्या जागी परतीची विहीर आहे अशी कल्पना करा: तिच्या तळाची भोकं अशीच बुजली तर पाणी घालायचं कुठे?

परत घालायलाच का हवं, नदीत सोडलं तर? पूर्वी सोडायचेच. न्यूझीलंडचं वैराकेई केंद्र १९५८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्याचं पाणी उघड्या चरांतून वायकाटो नदीला जाई, आणि चरांत जमणारी सिलिका वरचेवर खणून काढावी लागे. पण या पाण्यात आर्सेनिक असतं, बोरॉन असतं. किझिलदेरेच्या पाण्यात बोरॉन जास्त, आणि खाली मेंडेरेसचं खोरं म्हणजे अंजीर-द्राक्षांचा मुलूख. दोन्ही पिकं बोरॉनला नाजूक. शिवाय पाणी परत घातलं नाही तर खालचा दाब उतरतो आणि विहिरीच आटू लागतात. म्हणजे परत घालणं शेतकऱ्यासाठीही गरजेचं आणि केंद्रासाठीही.

सिलिकाला चुन्याचं औषध लागू पडत नाही, हे इथलं सगळ्यात मोठं दुखणं. तिला नीट स्फटिकच नसतो, त्यामुळे अडवायला कोपरेही नाहीत. तिचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, साखळ्यांचे गोळे होतात, गोळ्यांचा थर. जास्त चालणारा उपाय म्हणजे आम्ल. हात धरायची ही क्रिया साध्या, किंचित अल्कधर्मी पाण्यात जोरात चालते. पीएच पाचच्या आसपास आणला की ती खूप मंदावते. म्हणून परतीच्या पाण्यात सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून सोडतात. मोजून हा शब्द महत्त्वाचा. पीएच आणखी खाली गेला की साधं पोलाद गंजायला लागतं. थर वाचवायला जाऊन पाइपच गमवायचा.

तिथेही पाठ सोडवत नाही. काही ठिकाणी आम्ल वाढवलं, पाणी आणखी थंड केलं, सिलिका थांबली, तर अँटिमनीचं सल्फाइड बसू लागलं, कारण त्याला आंबट आणि थंड पाणी नेमकं मानवत नाही. सल्फ्युरिक वापरलं आणि पाण्यात कॅल्शियम किंवा बेरियम भरपूर असेल तर सल्फेटचा थर. सिलिकासाठी खास म्हणून काही पॉलिमर आले. त्यातले काही गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि चांगलं काम करतात. पण धन प्रभाराचे काही पॉलिमर उलटेच वागतात. सिलिकाचे कण ऋण प्रभाराचे, त्यामुळे ते कणांना दूर ठेवायच्या ऐवजी जोडत सुटतात. रोखायला आणलेलं रसायन डिंक होऊन बसतं.

त्यामुळे अनेक केंद्रं सरळ हिशोब करतात: पाणी ठरावीक तापमानाच्या खाली उतरवायचंच नाही. उष्णता उरली असली तरी ती तशीच परत जमिनीत घालायची. वीज थोडी कमी, पण विहीर जिवंत. रसायनामुळे आणखी पाचदहा अंश खाली उतरता आलं तर तेवढी वीज जास्त मिळते, आणि रसायनाचा खर्च परवडतो की नाही ते त्या पाचदहा अंशांवरच ठरतं.

खुद्द रसायनांचं पुढे काय होतं हाही प्रश्न आहेच. फॉस्फोनेट निसर्गात लवकर कुजत नाहीत. पॉलिअ‍ॅस्पार्टेटसारखी कुजणारी रसायनं आली आहेत, पण ती फार उष्णता सोसत नाहीत. सगळं पाणी जमिनीत परत जात असेल तर चिंता कमी, गळती असेल तर जास्त.

आपल्याकडे काय?

कोकणातल्या झऱ्यांची, म्हणजे उन्हवरे, तुरळ, गणेशपुरी यांची, पृष्ठभागावरची तापमानं फार तर सत्तर अंशांच्या आसपास. तिथे वीज झालीच तर ती बायनरी पद्धतीची, छोटी. किझिलदेरेसारखा विहिरीतला कॅल्साइट हा तिथला पहिला प्रश्न नसेल, उष्णता घेणाऱ्या यंत्रातल्या नळ्यांवरचा थर मात्र असू शकतो. मणुगुरूजवळ सिंगरेणी कोलिअरीजनं उभारलेला २० किलोवॅटचा प्रायोगिक संच याच जातीचा. हैदराबादच्या वाचकांनी त्याची बातमी वाचली असेल. २० किलोवॅट म्हणजे एखाद्या वाडीपुरती वीज, पण त्याच्या नळ्यांवर काय बसतं आणि किती दिवसांत, ही नोंद विजेपेक्षा मोलाची ठरेल.

मोठी आशा आहे ती पुगाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीनं लडाख प्रशासनाशी करार केला, पहिलं उद्दिष्ट एक मेगावॅट. तिथल्या झऱ्यांभोवती टाकणखार आणि गंधकाचे थर उघड्यावर दिसतात, म्हणजे पाणी काय काय घेऊन येतं ते लपून नाही. पण नुसत्या झऱ्याच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली तर उत्तर फसवं येतं. बाटलीत येईपर्यंत वायू उडून गेलेला असतो, चुना वाटेतच बसलेला असतो, पाणी कागदावर जास्तच सभ्य दिसतं. नमुना दाबाखाली, खोलवरून घ्यावा लागतो. मग पोलादाच्या पट्ट्या वाहत्या पाण्यात टांगून, वेगवेगळी रसायनं वेगवेगळ्या मात्रेत सोडून, काही आठवडे थर मोजत बसावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, उद्घाटनाच्या फोटोत ते येत नाही, आणि निविदेत त्यासाठी वेळ ठेवलेला नसेल तर ते होतही नाही.

पुगा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्यावर पाणी शंभरला नव्हे, साधारण ८५ अंशांनाच उकळतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली. परतीच्या पाइपातलं पाणी तिथे किती झपाट्यानं थंड होईल, सिलिकाला हात धरायला किती मिनिटं मिळतील आणि किती ग्रॅम कशानं ती लांबवता येतील, याचे तक्ते आइसलँडहून किंवा तुर्कस्तानातून मागवता येणार नाहीत. ते तिथल्याच विहिरीवर, तिथल्याच थंडीत मोजावे लागतील.